जोडीची नावं ठेवणारा माझा व्याही

पेणपासून रोह्यापर्यंत रेल्वेच्या रुळाच्या दोन्ही अंगांना जेवढी म्हणून पोरं जन्माला आली, त्या सगळ्यांची नावं आपल्याला विचारूनच ठेवली पाहिजेत असं ज्याला मनापासून वाटायचं, असा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या नशिबी व्याही म्हणून आला. व्याह्याबद्दल लिहिताना अरे-तुरे करू नये असं आमच्या घरातलं माणूस म्हणतं. त्याच्या तोंडावर मी जन्मभर अहो-जाहोच केलं. पण राग अहो-जाहोत मावत नाही, म्हणून इथं मी त्याला 'तो'च म्हणणार. माझं शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांनी विनाकारण कान पिळला, मी पाटी उचलली आणि घरी आलो तो परत गेलो नाही. तेव्हा ह्या लिहिण्यात कुणाला चुका सापडल्या तर त्यांनी त्या आपल्याजवळ ठेवाव्यात, मला आणून दाखवू नयेत.

तर ह्या माणसाचं म्हणणं असं, की घरात थोरल्या पोराचं नाव एकदा ठेवलं की धाकट्याचं ठेवायला काही शिल्लकच राहत नाही. ते आपोआप ठरलेलं असतं, आपण फक्त ते ओळखायचं. थोरला राजेश असेल तर धाकटा महेश. थोरली सविता तर पाठची कविता. त्याच्या स्वतःच्या तीन पोरी मंदा, नंदा आणि चंदा. दारात दोन कुत्रे, मोत्या आणि पोत्या. कुणाच्या घरी बाळ झालं म्हणून कानावर आलं की बाळंतीण सुखरूप आहे का, पोरगा की पोरगी, असलं काही हा विचारायचाच नाही. पहिला सवाल, "पयल्याचं नाव काय?" आणि पहिलंच मूल आहे म्हणून सांगितलं की त्याचा चेहरा असा पडायचा, जसं काही कुणी जेवणाचं आमंत्रण देऊन घराला कुलूप लावलं.

एकदा आम्ही दोघं पेणहून रोह्याला एस्टीनं येत होतो. कंडक्टर जवळचाच निघाला, त्याला नुकतीच दुसरी मुलगी झालेली. एवढं व्याह्याला कळायचा अवकाश. "मोठीचं नाव काय?" कंडक्टर म्हणाला, वैशाली. "मग ही रूपाली. संपलं." कंडक्टर भिडस्त होता, तो म्हणाला की मंडळींच्या मनात अश्विनी आहे. झालं! आमचा व्याही सीटवरून उठून उभाच राहिला. "मोठी वैशाली आणि धाकटी अश्विनी? उद्या दोघी हात धरून रस्त्यानं चालल्या तर लोक इचारतील, ही पोरगी कुणाची गो आणलीस बरोबर?" एका मावशीनं मधूनच रूपालीला पाठिंबा दिला, मागच्या बाकावरचे दोघे अश्विनीच्या बाजूनं बोलायला लागले, आणि नागोठण्याच्या स्टँडवर सगळी माणसं चढली-उतरली तरी गाडी हलेना. शेवटी ड्रायव्हर खाली उतरून मागच्या दाराशी आला आणि म्हणाला, "घंटी मारताय, का मी पण बारशाला येऊन बसू?" मी खिडकीबाहेर तोंड केलं. हा माणूस माझ्याबरोबर आहे हे कुणाला कळू नये म्हणून मी रोह्यापर्यंत मान वळवली नाही. उतरताना तोच मोठ्यांदा ओरडला, "व्याही, चला, रोहा आला!"

पेणला त्याचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या पडवीला लागून एक लांब शेड, त्यात शाडूची ओली माती आणि फळ्यांवर रांगेनं बसलेले देव. साच्यातून मूर्ती काढावी ती ह्यानंच. हात सोन्याचा होता, ते मी नाकारत नाही. पण विकताना ह्याची वेगळीच तऱ्हा. एका साच्यातून लागोपाठ काढलेल्या दोन मूर्ती हा शेजारी शेजारी ठेवायचा आणि त्यातली एक कुणी उचलली की दुसरीसाठी त्याच गावातलं, जमलंच तर त्याच आळीतलं गिऱ्हाईक शोधायचा. जिते गावचे दोन भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी, दार वेगळं, तेव्हा दोघं दोन निरनिराळ्या दिवशी गणपती बघायला आले. ह्यानं दोघांना एकाच साच्यातले दिले आणि दोघांनाही सांगितलं नाही. मी म्हटलं, व्याही, ही फसवणूक झाली. तर म्हणतो, "त्यात फसवणूक कसली? भांडण त्यांचं, द्येवाचं नाय." आणि मग माझ्या हाताला धरून आखणी चालली होती तिथं नेलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, ते शेवटचं काम. "बघा," म्हणाला, "अंग दोघांचं एका साच्याचं, पण डोळे? प्रत्येकाचे येगळे. नाव म्हणजे साचा हो. डोळे पोराचे त्यानं आणायचे." मी म्हटलं, आमच्याकडे भात पिकतो आणि वाल पिकतात, आम्ही काही साच्यातून काढत नाही. पण घरी येईस्तोवर ते त्याचं बोलणं डोक्यातून गेलं नाही, ह्याचाच मला जास्त राग आला.

त्याची मधली लेक आम्ही केली. नंदा. पोरगी गुणाची, बापाचा एकही गुण न उचललेली. आमच्या रीतीप्रमाणं लग्नात सुनेचं नाव बदलायचं होतं. ताटात तांदूळ पसरून माझ्या मुलानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सुलोचना. माझ्या आईच्या आवडीचं नाव. सगळे वाकून बघताहेत, बायका कौतुक करताहेत, तेवढ्यात हा नवरीचा बाप गर्दीतून पुढं आला, ताटात डोकावला आणि म्हणाला, "हे काय? एक दाढ मधनंच उपटलीत?" कुणाला कळेना. "मंदा, चंदा, आणि मधी सुलोचना? पोरी माहेरी आल्या की मी हाक कशी मारू?" आणि भर मांडवात, भटजी बघत असताना, ह्या माणसानं ताटातल्या तांदळावरून तळहात फिरवला. नाव सपाट! माझ्या भावकीतले चौघं उठून उभे राहिले. लग्न मोडायचंच बाकी होतं. शेवटी आमची मंडळी पुढं झाली आणि म्हणाली, "राहू द्या तेच. सुनेनं काम करायचं हाय, नाव करायचं नाय." नाव नंदाच राहिलं. माझी पहिली हार ती.

घरी आल्यावर मी तणतणत होतो तेव्हा बायकोनंच मला सांगितलं, की विहीणबाई म्हणत होत्या, ह्यांना पाठचं कुणी नाय नि पुढचं कुणी नाय, बाप तर हे पोटात असतानाच गेला, म्हणून ह्यांचं हे असं. मी म्हटलं, एकटा जन्मला तर एकट्यानं बसावं, दुसऱ्याच्या ताटात हात का घालतो? पुढं आमच्या गोठ्यातसुद्धा त्यानं हात घातला. माझी म्हैस चांदी व्याली तेव्हा हा दोन दिवस राहायला आलेला. पारडीचं नाव मी अजून ठेवलंही नव्हतं, तर सकाळी गोठ्यात जाऊन बघतो, हा तिला 'नांदी' म्हणून गोंजारतोय. मी तिला गौरी म्हणायचं ठरवलं आणि वर्षभर गौरी म्हणूनच हाका मारल्या. ती मान वर करून बघायची नाही. नांदी म्हटलं की उड्या मारत यायची. जनावरसुद्धा फितवलं ह्या माणसानं.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिला नातू झाला तेव्हा माझ्या लेकीनं, म्हणजे पोराच्या आत्यानं, त्याचं नाव अमित ठेवलं. मला ते नाव कधी आवडलं नाही, पण मी गप्प बसलो. माझ्या मनातलं नाव तेव्हा ठेवता येत नव्हतं. माझ्या थोरल्या भावाचं नाव माझ्या मनात होतं आणि दादा तेव्हा जिवंत होता. हयात माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. ठेवलं तर त्याला लवकर जायला सांगितल्यासारखं होतं. दादानं मला बापासारखं वाढवलं. भात कापून झालं की तो मिठागरावर कामाला जायचा, मिठानं त्याच्या पायांना भेगा पडायच्या आणि घरी आला की तो त्या माझ्यापासून लपवायचा. त्याला मूलबाळ झालं नाही. अमितनंतर दादा गेला. अख्खा गाव त्याला दादा म्हणायचा, व्याहीही दादाच म्हणायचा, त्यामुळं त्याचं खरं नाव घेणारं तोंड एक माझंच उरलं होतं. मी गेलो की ते नाव माझ्याबरोबर सरणावर जाणार, हे मला सारखं दिसायचं. म्हणून दुसरा नातू झाला आणि दाईनं मुलगा म्हणून सांगितलं, तेव्हाच मी ठरवून टाकलं. काशिनाथ.

बाराव्या दिवशी बारसं. सकाळच्या गाडीनं व्याही पेणहून हजर, काखेत धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. ओटीवर बसून त्यानं ते सोडलं. आत दोन नवे पाट, त्यांच्यावर गणपतीच्या मुकुटाला देतात तो सोनेरी रंग. एका पाटावर अमित आणि दुसऱ्यावर सुमित! अजून पाळण्याला फुलं बांधायची होती, आत्या नागोठण्याहून येऊन पोचायची होती, बाळाच्या कानात कुणी श्वाससुद्धा सोडला नव्हता, आणि ह्याच्या पाटावर नाव वाळून खडखडीत!

"व्याही, हे काय?" मी म्हटलं.

"पाट. जोडीनं जेवायला बसतील."

"ते दिसतंय. नाव कुणी ठेवलं?"

"त्यात ठेवायचं काय? थोरला अमित, म्हणजे धाकटा सुमितच. आंब्याच्या झाडाला काय चिकू लागणार हाय?"

"आमच्याकडं नाव ठरलंय. काशिनाथ."

माझा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आजकाल काशिनाथ कोण ठेवतं?" मी त्याच्याकडं बघितल्यावर तो पाण्याचा तांब्या आणायला गेला. व्याही माझ्याकडं असा बघत होता, जसं काही मी खिरीत सुका जवळा घालायला सांगितला. "अमित," तो म्हणाला, मग थांबला. "आणि काशिनाथ." पुन्हा थांबला. "नाय हो व्याही. गाडीला एक चाक ट्रकचं नि एक सायकलचं."

तेव्हा मी त्याला सांगितलं. ओरडूनच सांगितलं. म्हटलं, तो माझा दादा होता. ज्याच्यामुळं हे घर उभं आहे, ही ओटी आहे, जिच्यावर तुम्ही बसलात. त्याच्या मागं नाव घ्यायला कुणी नाही. तुमच्या जोड्या तुमच्या पेणला जुळवा, कुत्र्यांच्या जुळवा, देवांच्या जुळवा, पण हे नाव मी सोडणार नाही. बोलताना माझा आवाज फाटला, तो रागानं फाटला, हे इथं स्पष्ट सांगतो.

व्याह्यानं सुमितचा पाट उलटा केला आणि स्वतःच त्याच्यावर बसला. मला वाटलं जिंकलो. बसल्या बसल्या तो आपल्याशीच पुटपुटत होता, "काशिनाथ... दादा म्हंजे काशिनाथ..." आणि एकदम त्यानं मांडीवर थाप मारली.

"आणि तुम्ही विश्वनाथ!"

"मग?"

"काशिनाथ आणि विश्वनाथ! अहो, तुम्ही स्वतः जोडीतले आणि मला जन्मभर शिव्या घालता?"

ओटीवरची सगळी माणसं हसायला लागली. मी म्हटलं, ते वेगळं. ते आमच्या आईनं ठेवलं होतं. पण ऐकतो कोण! त्याच्या अंगात संचारलं होतं. "ठरलं. काशिनाथच ठेवा. माझी काय हरकत नाय. पण जोड मोडून अर्धं नाव ठेवू नका. धाकटा काशिनाथ, तर थोरल्याचं बदला. अमितला करा विश्वनाथ!"

"अहो, मी जिवंत हाय!"

"ते दिसतंय की."

"हयात माणसाचं नाव नातवाला? मला तिरडीवर बांधायला आलात काय पेणहून?"

"तुम्ही एवढं ओरडताय, यम दारातनं परत जाईल," व्याही म्हणाला.

तोवर आतून सून दाराशी आली. बिचारी रडकुंडीला आलेली. "अवो बाबा, मला सासऱ्यांचं नाव घेता येत नाय! मी माझ्या पोराला हाक कशी मारू?" तर हा म्हणतो, "तू अमितच म्हण गो. तुला कोण सांगतंय?" मग माझ्या बायकोचं काय, ती नवऱ्याचं नाव घेऊन नातवाला जेवायला बोलावणार काय, असा आतल्या बायकांचा एकच गलका झाला. माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. ते मी बघितलं आणि विसरलो नाही.

शेवटी माझी लेक पोचली, आणि तिनं कुणालाच न विचारता पाळण्याशी जाऊन बाळाच्या कानात कुर्र करून काशिनाथ म्हटलं. बायकांनी तिच्या पाठीत रीतीप्रमाणं धपाटे घातले. नाव पडलं. माझ्या दादाचं नाव घरात परत आलं. मी डोळे पुसत ओटीवर येतो तर काय बघतो? अमित कोपऱ्यात उकिडवा बसून घुगऱ्या खातोय, आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस त्याच्या शेजारी गुडघे टेकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, आत्याचं काम करतोय. "कुर्रर्र... विश्वनाथ." पोराच्या कानात गुदगुल्या झाल्या, ते खिदळलं आणि म्हणालं, "आबा, अजून!"

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. गणपती गेले, दिवाळी गेली. दर महिन्याला हा येतच राहिला. मी ओटीवर असलो की तो खळ्यात बसायचा, मी खळ्यात गेलो की तो ओटीवर. बायको दोघांना वेगवेगळा चहा द्यायची. अमितला शाळेत, गावात, घरात सगळे अमितच म्हणायचे. ह्या एका माणसासाठी तेवढा तो विश्वनाथ होता.

धाकटा चालायला लागला त्या वर्षी मी वालाच्या शेतात शेंगा काढत होतो. ऊन उतरलं होतं. पोरं बांधाच्या कडेला मातीत खेळत होती. स्टेशनाच्या वाटेनं व्याही येत होता, आणि लांबूनच त्यानं दोघांना हाक मारली. एका श्वासात.

"काशाऽऽ! विशाऽऽ!"

माझी आई आम्हाला अशीच हाक मारायची. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आई गेली, दादा गेला, मला विशा म्हणणारा शेवटचा माणूस गेला त्याला काळ लोटला होता. लोक मला बाबा म्हणतात, आजोबा म्हणतात, पंचायतीत काका म्हणतात. नाव माझं होतं, पण ते वापरात नव्हतं. आणि ती हाक शेतावरून आली तशी माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या आणि तोंडातून निघून गेलं, "ओऽऽ!"

व्याही बांधावर थांबला. त्यानं ऐकलं होतं. मग म्हणाला, "तुम्हाला नाय हो, पोराला." आणि थोड्या वेळानं, "पण चला तुम्ही पण. चहाची वेळ झाली."

म्हणजे बोलणं त्यानं चालू केलं, मी नाही. हे कुणीही विसरू नये.

त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी पेणला भेटायला गेलो तर खाटेवरून मला म्हणतो, "विशाच्या लग्नाचं बघाल तेव्हा पोरीला बहीण हाय का, ते आधी इचारा. काशालाही तिथंच बघा." मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग भांडू. झाला नाही बरा. माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेला.

नातू आता मोठे झाले. अमित डोलवीला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट कधी संपते ते त्यालाच ठाऊक. काशिनाथनं रोह्याला दुकान टाकलंय, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात नाव लावलंय, काशिनाथ. बाजाराला गेलो की मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथनं जातो आणि ते वाचतो. माझं काम झालं. दादाचं नाव राहिलं.

परवा सुट्टीला दोघं घरी आले होते. संध्याकाळी कालव्याच्या अंगाला फिरायला गेले ते अंधार पडायला आला तरी येईनात. सून म्हणाली, "बाबा, जरा हाक मारा ना." मी बांधावर जाऊन उभा राहिलो. "काशाऽऽ!" अशी चांगली खणखणीत हाक मारली. पुढचं नाव तोंडाशी आलं आणि अडलं. माणसाला सगळ्यांना हाक मारता येते, स्वतःला मारता येत नाही. मी तिथं तसाच उभा राहिलो, आणि मला त्या पेणच्या हट्टी माणसाचा असा राग आला म्हणून सांगू, की आणखी थोडी वर्षं काढायला ह्याचं काय जात होतं?